आपलीच खुर्ची मोडायला निघालेला मुख्यमंत्री

16 जानेवारी जवळ आली की गोव्यात एक जुना वाद दरवर्षी नव्याने उकरला जातो. त्या दिवसाला तिथे ‘अस्मिताय दीस’ म्हणतात. 1967 साली याच तारखेला गोवेकरांनी ‘आम्हाला महाराष्ट्रात विलीन व्हायचे नाही’ असा कौल दिला. त्या कौलाचे शिल्पकार मानले जाणारे डॉ. जॅक सिक्वेरा यांचा पुतळा विधानसभेच्या आवारात असावा की नाही, यावर अधूनमधून खडाजंगी होते. दुसरीकडे, विलीनीकरणाच्या बाजूने लढून हरलेले गोव्याचे पहिले मुख्यमंत्री दयानंद बांदोडकर, म्हणजे सगळ्या गोव्याचे भाऊसाहेब, यांच्या मिरामारच्या समाधीवर हार चढतात आणि त्यांना ‘भाग्यविधाता’ म्हटले जाते.

महाराष्ट्रातल्या वाचकाला यात एक गोष्ट उमगत नाही. 16 जानेवारीला लोकांनी ज्यांची मुख्य मागणी फेटाळली, त्यांनाच 28 मार्चला, म्हणजे 71 दिवसांनी, पुन्हा सत्तेवर बसवले. मतदार तेच, नेता तोच. मग लोक गोंधळले होते का? की पश्चात्ताप झाला? दोन्ही उत्तरे मी ऐकली आहेत आणि दोन्ही मला चुकीची वाटतात. का, ते समजून घ्यायला थोडे मागे जावे लागेल.

आधी माणूस

बांदोडकरांचा जन्म 12 मार्च 1911 चा, पेडण्याचा. पेडणे म्हणजे गोव्याचा उत्तरेकडचा तालुका. तेरेखोलची खाडी ओलांडली की सावंतवाडीचा मुलूख. घर गरीब, शिक्षण जुजबी. ज्या समाजात ते जन्मले, त्याला सरंजामी गोव्यात देवळाच्या पायरीशी राबण्यापलीकडे फारसे स्थान नव्हते. धडपड करत ते व्यापारात शिरले आणि पुढे लोहखनिजाच्या खाणींमध्ये. दुसऱ्या महायुद्धानंतर गोव्याचे खनिज जहाजे भरभरून जपानला जाऊ लागले आणि ज्यांच्या हाती खाणी होत्या त्यांचे दिवस पालटले. बांदोडकर श्रीमंत झाले. पण श्रीमंत झाल्यावर शाळांना, देवळांना, गरजूंना सढळ हाताने देणारा माणूस अशी त्यांची ख्याती झाली, आणि ती राजकारणाच्या आधीची आहे.

19 डिसेंबर 1961 ला भारतीय सैन्याने गोवा मुक्त केला. 451 वर्षांची पोर्तुगीज राजवट संपली. दोन वर्षांनी, डिसेंबर 1963 मध्ये, पहिली विधानसभा निवडणूक झाली. दिल्लीपासून गल्लीपर्यंत सर्वांना वाटत होते की काँग्रेस आरामात येणार. काँग्रेसला गोव्यात एकही जागा मिळाली नाही. मिळाली ती दमणची. नुकत्याच स्थापन झालेल्या महाराष्ट्रवादी गोमंतक पक्षाने, म्हणजे ‘मगो’ने, मित्रांसह बहुमत मिळवले. सिक्वेरांचा युनायटेड गोअन्स पक्ष, ‘युगो’, 12 जागांवर थांबला. गंमत म्हणजे बांदोडकर स्वतः निवडणुकीला उभेच नव्हते. तरी मुख्यमंत्री तेच झाले आणि मागाहून पोटनिवडणुकीत मडकईहून निवडून आले.

विलीन तरी का व्हायचे होते?

त्या वेळी गोवा, दमण आणि दीव मिळून एक ‘संघप्रदेश’ होता. संघप्रदेश म्हणजे ज्याचा कारभार थेट केंद्राच्या अखत्यारीत असतो असा भाग; गोव्याला 30 सदस्यांची विधानसभा आणि मंत्रिमंडळ होते, पण वर नायब राज्यपाल आणि त्याच्याही वर दिल्ली. भाडेकरूला घरात राहता येते, स्वयंपाक करता येतो, पण भिंत पाडायची तर मालकाला विचारावे लागते, तसे.

मगोचे म्हणणे होते की ही तात्पुरती अवस्था संपवा आणि गोवा महाराष्ट्रात घाला. कारण एक, भाषा. घरात कोकणी बोलली जाते हे कोणी नाकारत नव्हते, पण आरती, कीर्तन, नाटक, पोथी, पत्रव्यवहार हिंदू घरांत मराठीतच. कोकणी ही मराठीची बोली, असे त्यांचे मत. देशात 1956 पासून भाषेवर राज्ये आखली जात होती, 1 मे 1960 ला महाराष्ट्र झाला होता, तेव्हा ही मागणी हवेतली नव्हती.

दुसरे कारण अधिक खोल होते आणि महाराष्ट्रात त्याची चर्चा कमी होते. गोव्यात जमीन मोजक्या लोकांची. जमीनदाराला तिथे ‘भाटकार’ म्हणतात. त्याच्या बागायतीत झोपडी बांधून राहणारा, त्याचे नारळ राखणारा, बोलावले की कामाला जाणारा तो ‘मुंडकार’. शेत कसणारा तो ‘कूळ’. मुंडकाराने भाटकाराशी वाकडे घेतले तर छप्परच जायचे. हे भाटकार हिंदू होते तसेच ख्रिस्तीही होते. बहुजनांना वाटत होते की गोवा वेगळा राहिला तर याच वरच्या थराची सत्ता कायम राहील. महाराष्ट्रात मात्र कुळकायदा आहे, बहुजनांचे राजकारण आहे, तिथे आपली माणसे सत्तेत आहेत. विलीनीकरण म्हणजे नकाशावरची रेघ पुसणे एवढेच नव्हते, भाटकाराच्या डोक्यावर कोणीतरी मोठा आणून बसवणे होते.

आता यातली विचित्र गोष्ट पाहा. विलीनीकरण झाले असते तर गोव्याचे मुख्यमंत्रिपद उरलेच नसते. म्हणजे बांदोडकर जी मागणी लावून धरत होते, ती मान्य होताच त्यांची स्वतःची खुर्ची मोडीत निघाली असती. खुर्ची टिकवण्यासाठी आख्खे पक्ष मोडलेले आपण पाहिलेत, म्हणून ही नोंद मुद्दाम करावीशी वाटते.

प्रश्न कोणाला विचारायचा?

घटनेच्या अनुच्छेद 3 नुसार राज्यांच्या सीमा बदलण्याचा अधिकार संसदेला आहे. त्यासाठी जनतेचे मत घेण्याची अट नाही. मुंबई राज्याचे दोन तुकडे झाले, आंध्र वेगळा झाला, कुठेही असे मतदान झाले नाही. गोव्याच्या बाबतीतही मगोचा युक्तिवाद हाच: आम्ही विलीनीकरणाच्या मुद्द्यावर निवडून आलो, विधानसभेत आमचे बहुमत आहे, म्हणजे लोकांनी सांगितले. 1965 च्या जानेवारीत गोवा विधानसभेने तसा ठराव केलाही.

युगोचे उत्तर होते की आमदार पाच वर्षांसाठी निवडले जातात. हा निर्णय मात्र कायमचा. तो आमदारांनी परस्पर घेऊ नये, थेट लोकांना विचारा. इथे सोसायटीचे उदाहरण घेऊ. चेअरमन कोण असावा हे साध्या बहुमताने ठरते आणि पुढल्या वर्षी बदलताही येते. पण इमारत पाडून शेजारच्या सोसायटीत सामील व्हायचे असेल तर चेअरमन ‘मला निवडून दिलेत ना, मग झाले’ असे म्हणू शकत नाही. प्रत्येक घराला विचारावे लागते. आणि घरोघरी विचारल्यावर कळते की ज्या काकूंनी चेअरमनला मत दिले ते पाण्याचा टँकर वेळेवर येतो म्हणून, इमारत पाडायला नव्हे.

काँग्रेसचे गोव्यातले नेते पुरुषोत्तम काकोडकर यांनीही थेट जनमताची बाजू दिल्लीत लावून धरली. अखेर इंदिरा गांधींच्या काळात, डिसेंबर 1966 मध्ये, संसदेने त्यासाठी स्वतंत्र कायदा केला. या मतदानाला ‘जनमत कौल’ म्हणतात. माझ्या मते खरा निकाल इथेच अर्धा लागला होता. विधानसभेत विचारले असते तर उत्तर ‘होय’ आले असते. ते आधीच आले होते. लोकांना विचारायचे ठरले आणि उत्तर बदलण्याची शक्यता निर्माण झाली.

राजीनामा कशासाठी?

युगोची आणखी एक मागणी होती. मगोचे सरकार सत्तेवर असताना मतदान निष्पक्ष होणार नाही. आधी पायउतार व्हा. जो संघ खेळतोय त्याचाच कर्णधार पंच कसा चालेल? बांदोडकरांनी डिसेंबर 1966 च्या सुरुवातीला राजीनामा दिला आणि केंद्र सरकारच्या देखरेखीखाली मतदान झाले. हा मगोचा भाबडेपणा होता असे म्हणणारे आजही भेटतात. मला तसे वाटत नाही. त्यांना आपण जिंकणारच याची खात्री होती, आणि सत्तेत राहून जिंकलो असतो तर त्या विजयावर कायम बोट दाखवले गेले असते.

एक मागणी मात्र फेटाळली गेली, ती म्हणजे गोव्याबाहेर राहणाऱ्या गोवेकरांना मतदान करू द्यावे ही. मुंबईत त्या काळी गोवेकरांची मोठी वस्ती होती. पण मत फक्त गोव्यातल्या रहिवाशांना मिळाले.

फूल आणि दोन पाने

मतपत्रिकेवर दोनच पर्याय होते. महाराष्ट्रात विलीन व्हायचे तर ‘फूल’, संघप्रदेशच राहायचे तर ‘दोन पाने’. ‘स्वतंत्र राज्य हवे’ हा पर्याय नव्हताच. (दमण आणि दीवच्या लोकांपुढे महाराष्ट्राऐवजी गुजरात होता.)

प्रचार तुफान झाला. महाराष्ट्रातून नेते, कलावंत, कार्यकर्ते गोव्यात उतरले. विलीनीकरणाच्या बाजूला ‘गोमन्तक’ दैनिक, विरोधात ‘राष्ट्रमत’. इथे थांबून एक गोष्ट नोंदवली पाहिजे: ‘राष्ट्रमत’ मराठी दैनिक होते. मराठी वाचणाऱ्या हिंदूंना मराठीतच ‘दोन पानां’ची बाजू पटवून देण्याचे काम त्याने केले. चंद्रकांत केणी संपादक, उदय भेंब्रे यांचे धारदार स्तंभलेखन; जोडीला उल्हास बुयांव यांची कोकणी गाणी गावोगाव. म्हणजे ‘मराठी विरुद्ध कोकणी’ अशी सरळ रेघ जी आज मारली जाते, ती तेव्हा जमिनीवर तितकी सरळ नव्हती.

विरोधकांचे मुद्दे पोटापाण्याचेही होते. एक, महाराष्ट्रात दारूबंदीचा कायदा होता. फेणी काढणाऱ्या, माडाची सूर काढणाऱ्या रेंदेरांचे काय? दोन, ‘रत्नागिरीकडे बघा’. त्या वेळचा रत्नागिरी जिल्हा आजच्या सिंधुदुर्गासकट एकच होता, आणि मुंबईच्या गिरणीतून येणाऱ्या मनिऑर्डरीवर जगत होता. महाराष्ट्रात जाऊन आपण दुसरी रत्नागिरी होणार, राजधानी लांब, विचारणारे कोणी नाही, ही भीती घरोघरी पटण्यासारखी होती. कोकणातल्या माणसाला हे वाचून राग येईल, पण त्याने मनाशी विचार करून पाहावा की मुद्दा खोटा होता का.

तिसरा मुद्दा हिशेबाचा, आणि तो मी स्वतः मांडून पाहिला. 1961 साली महाराष्ट्राची लोकसंख्या चार कोटींच्या थोडी आत, विधानसभेत 1967 साली 270 जागा. म्हणजे साधारण दीड लाख माणसांमागे एक आमदार. गोव्याची लोकसंख्या सहा लाखांच्या आसपास. भागाकार केला तर हाती येतात चार आमदार. थोडी सवलत मिळून पाच-सहा धरा. इकडे स्वतःच्या विधानसभेत गोव्याचे 28. गावातल्या माणसाने भागाकार केला नसेल, पण पणजीला बसने जाऊन आमदाराला गाठणे आणि मुंबईला बोटीने जाऊन सचिवालयात वाट पाहणे यातला फरक त्याला कळत होता.

निकाल

एकूण मतदार 3,88,432. मतदान केले 3,17,633 जणांनी, म्हणजे जवळजवळ 82 टक्के. ‘दोन पाने’ला 1,72,191, ‘फुला’ला 1,38,170. उरलेली 7,272 मते बाद. फरक 34,021 मतांचा. दुसऱ्या शब्दांत, सतरा हजार आणि वर काही लोकांनी उलटा शिक्का मारला असता तर आज पणजी हे महाराष्ट्रातल्या एका जिल्ह्याचे ठिकाण असते.

‘धर्मावरच मते पडली ना?’

हा आक्षेप सर्वांत जास्त ऐकू येतो. ख्रिस्ती समाज एकगठ्ठा विरोधात गेला म्हणून विलीनीकरण हरले, असे. ख्रिस्ती मते मोठ्या प्रमाणावर ‘दोन पानां’ना पडली हे खरेच आहे, साष्टी, तिसवाडी, बार्देश या जुन्या काबिजादींचा, म्हणजे पोर्तुगीजांनी सोळाव्या शतकातच घेतलेल्या तालुक्यांचा, कल पाहिला तरी ते दिसते. पेडणे, डिचोली, सत्तरीसारख्या नव्या काबिजादींत चित्र उलट.

पण आकडेमोड इथेच अडते. त्या काळी गोव्यात हिंदू साठ टक्क्यांच्या आसपास होते आणि ख्रिस्ती चाळीस टक्क्यांच्या आत. ‘दोन पानां’ना 54 टक्के मते मिळाली. एकूण एक ख्रिस्ती मतदार तिकडे गेला असे धरले तरी उरलेली मते आली कुठून? हजारो हिंदूंनी विलीनीकरणाच्या विरोधात मत दिल्याशिवाय हा आकडा गाठताच येत नाही. त्यात काँग्रेसचे, कोकणी चळवळीतले लोक होते, आणि मगोला मत देणारेही काही असणारच. ‘राष्ट्रमत’ मराठीतून का निघत होते, याचे उत्तर या आकड्यात आहे.

‘मग मार्चमध्ये परत बांदोडकर कसे?’

आता मूळ कोड्याकडे. दोन उत्तरे आहेत आणि दोन्ही एकाच वेळी खरी आहेत.

पहिले यांत्रिक. विधानसभेत ज्याला मतदारसंघात सर्वांत जास्त मते तो जिंकतो; निम्म्याहून जास्त मते लागतातच असे नाही. चार उमेदवार असतील तर 40 टक्क्यांवरही गुलाल उडतो. जनमत कौलात दोनच पर्याय, म्हणून 50 च्या वर जावेच लागते. विलीनीकरणाला 43.5 टक्के मते पडली. कौलात हा पराभव. पण तितकीच मते तीस मतदारसंघांत नीट विखुरली तर विधानसभेत बहुमत. त्याच 43 टक्क्यांवर एका दिवशी पराभव लिहिला जातो आणि दुसऱ्या दिवशी विजय. मतदाराने मत बदलायची गरजही पडत नाही.

दुसरे उत्तर माणसांचे. विलीनीकरणाचा प्रश्न निकाली निघाल्यावर मार्चमध्ये प्रश्न उरला होता तो गावातल्या सत्तेचा. भाटकाराच्या बाजूचे सरकार हवे की कुळाच्या? बांदोडकरांच्या सरकारने 1964 मध्ये कुळांना संरक्षण देणारा कायदा केला होता. खेड्याखेड्यांत मराठी प्राथमिक शाळा काढल्या होत्या. पोर्तुगिजांच्या काळात ज्या घरात कोणी पाटी हातात धरली नव्हती, त्या घरातली मुलगी शाळेत जाऊ लागली होती. हे ज्याने केले त्याला लोकांनी मत दिले. जानेवारीत फेणीसाठी ‘दोन पाने’ आणि मार्चमध्ये जमिनीसाठी मगोचा सिंह (पक्षाचे निवडणूक चिन्ह), यात विसंगती काहीच नाही. मगोला 16 जागा मिळाल्या, युगोला पुन्हा 12. 1963 चेच चित्र, जणू मधला जानेवारी आलाच नव्हता.

‘भारतातले एकमेव सार्वमत’ हे कितपत खरे?

असे वाक्य सर्रास छापले जाते, ते जरा जपून वापरावे. 1948 मध्ये जुनागढमध्ये मतदान झाले, 1949 मध्ये चंद्रनगरमध्ये, 1975 मध्ये सिक्कीममध्ये. मात्र त्या सगळ्यांचा प्रश्न होता भारतात यायचे की नाही. गोवा आधीच भारतात होता. देशाच्या आतल्या आत, अमुक राज्यात जायचे का, हे संसदेच्या कायद्याने लोकांना विचारणे ही गोष्ट मात्र वेगळी. आणि तांत्रिकदृष्ट्या तो कौल होता, बंधनकारक निवाडा नव्हे. ‘ओपिनियन पोल’ हा शब्द कायद्यात उगाच आलेला नाही. संसद तो बाजूला ठेवू शकली असती. ठेवला असता तर काय झाले असते, हे सांगायला नको.

पुढे काय झाले

निकालानंतर बांदोडकरांनी कौल मान्य केला आणि कारभाराला लागले. विलीनीकरणासाठी जन्मलेला पक्ष आता त्याच संघप्रदेशाचे घर सजवू लागला. 1970 मध्ये कला अकादमी उभी राहिली. त्याच सुमारास पक्षात बंडही झाले. एकहाती कारभाराची तक्रार जुनी होती आणि ती निराधार होती असे म्हणता येणार नाही. सरकार तरले. 1972 च्या निवडणुकीत, विलीनीकरणाचा विषय जवळपास मेलेला असताना, मगोच्या जागा वाढून 18 झाल्या.

12 ऑगस्ट 1973 ला हृदयविकाराने भाऊसाहेब गेले. त्यांच्या कन्या शशिकला काकोडकर, लोकांच्या ताई, मुख्यमंत्री झाल्या. गोव्याच्या त्या पहिल्या महिला मुख्यमंत्री. मुंडकाराला छपराखालून हुसकता येणार नाही असा कायदा त्यांच्या काळात, 1975 मध्ये आला. जे विलीनीकरणातून मिळवायचे होते त्यातले सर्वांत महत्त्वाचे काम असे पणजीतच झाले. 1980 मध्ये मगोचा पराभव झाला. 1987 च्या फेब्रुवारीत राजभाषा कायद्याने देवनागरी कोकणी राजभाषा ठरली, मराठीला सरकारी कामकाजात वापराची मुभा राहिली, आणि 30 मेला गोवा देशाचे पंचविसावे राज्य झाले. जनमत कौलाच्या मतपत्रिकेवर जो पर्याय नव्हता तो वीस वर्षांनी मिळाला.

मगो पक्षाच्या नावात ‘महाराष्ट्रवादी’ आजही आहे, विलीनीकरण मात्र त्याच्या बोलण्यात नसते. 2022 च्या निवडणुकीत त्याचे दोन आमदार निवडून आले. त्यातला एक मडकईचा.